पोरगं कामावर घेताय? आधी दाखला बघा, मग काम, मग घड्याळ

मे महिना लागला की मला हमखास फोन येतात. "ओळखीतलं पोरगं आहे, सुट्टीत घरी बसून नुसता मोबाईल बघतंय, दुकानात घेतो दीड महिना, चार पैसे त्याला मिळतील, चालतंय ना?" मी छोट्या दुकानदारांची आणि वर्कशॉपवाल्यांची हजेरी, पगार, रजिस्टर ही कामं बघतो, आणि बहुतेक वेळा मला "थांबा, घेऊ नका" असंच सांगावं लागतं. काही वेळा मात्र "घ्या, पण असं असं करा" असंही सांगता येतं. हे दोन्ही कधी ते सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, कारण फोनवर अर्धंच ऐकलं जातं आणि राहिलेल्या अर्ध्यावर केस होते.

कायदा १९८६ चा आहे, बालकामगार कायदा म्हणून सगळ्यांना माहीत असलेला. २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि नावातच "बाल आणि किशोरवयीन कामगार" असं आलं. आधी चौदाच्या आतल्या मुलांना फक्त ठराविक धोकादायक कामांत बंदी होती, बाकी ठिकाणी अटी घालून चालायचं. बऱ्याच मालकांच्या डोक्यात अजून तेच जुनं बसलंय, "आपलं काय, साधं किराणा दुकान आहे, केमिकल थोडीच आहे इथे." १ सप्टेंबर २०१६ पासून ते संपलं. आता १४ वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. दुकान, टपरी, हॉटेल, घरकाम, काहीही. १४ पूर्ण पण १८ पूर्ण नाही तो किशोर, त्याला धोकादायक कामं बंद आणि बाकी कामं अटींवर. १८ च्या पुढे तो मोठ्यांच्या नियमात.

म्हणजे प्रश्न तीन, आणि ते ह्याच क्रमाने विचारायचे: वय किती, काम कसलं, तास किती. पहिल्याला अडलात तर पुढच्या दोघांपर्यंत जायचंच नाही.

पहिली पायरी: वय, आणि ते कागदावर

इथे जरा जास्त थांबतो कारण सगळा घोळ इथेच होतो, आणि त्यातला निम्मा घोळ आपल्या बोलण्याच्या पद्धतीमुळे होतो. आपण म्हणतो "त्याला चौदावं लागलंय". ऐकणाऱ्याला वाटतं चौदा झालं. नाही झालं. चौदावं लागलं म्हणजे तेरा पूर्ण झालेत आणि चौदावं चालू आहे, म्हणजे कायद्याच्या हिशोबात ते पोर अजून बालकच. "पंधरावं लागलं" म्हणाले तर चौदा पूर्ण, तिथून किशोर. तसंच "अठरावं चालू आहे" म्हणजे पोरगं सतराचं आहे, अठराचं नाही. म्हणून कोणी "लागलं" म्हणालं की मी लगेच विचारतो, वाढदिवस कधी, साल कुठलं.

२०२५ च्या मे मधली गोष्ट, एका कापड दुकानदाराकडे मी रजिस्टर बघायला बसलो होतो, तेवढ्यात एक ताई मुलाला घेऊन आल्या. मुलगा अंगाने चांगला थोराड, मिसरूड फुटलेली, मालक म्हणाले सोळाचा तरी असेल. ताई म्हणाल्या, "नाही ओ दादा, चौदावं लागलंय, पण कामाला वाघ आहे." मी दाखला मागितला. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घडी घालून ठेवलेला शाळा सोडल्याचा दाखला काढला, घडीवर कागद पार पिवळा पडलेला. जन्मतारीख अंकात होती आणि खाली अक्षरात, ऑगस्ट दोन हजार अकरा. म्हणजे तेरा वर्षं नऊ महिने. मालकांचा चेहरा पडला, ताईंचा त्याहून जास्त पडला, आणि मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं कारण घरात खरंच गरज होती. पण उत्तर नाही हेच होतं. त्या मालकांनी नंतर मुलाऐवजी ताईंनाच कामावर घेतलं, साड्यांना फॉल-पिको करायला, आणि पोरगं जूनमध्ये परत शाळेत गेलं. हा पर्याय खूप वेळा समोरच असतो, आपल्या डोक्यात येत नाही एवढंच.

तर कागद कुठले बघायचे. शाळेचा दाखला, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला किंवा शिकत असेल तर जन्मतारीख असलेलं बोनाफाईड, नाहीतर दहावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेचा जन्माचा दाखला. ह्यातलं काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी, म्हणजे हाडांवरून वय काढायची टेस्ट, आणि ती सरकारने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडची, ओळखीच्या डॉक्टरची चिठ्ठी नाही. आधार तर बघाच, पण एकट्या आधारवर विसंबू नका. जुन्या कार्डांवर नुसतं जन्मसाल असतं, आणि १ जानेवारी अशी अंदाजाने टाकलेली तारीख तर मी कितीतरी कार्डांवर बघितलीय. दाखला आणि आधार जुळत नसेल तर ते जुळेपर्यंत कामावर घेऊ नका.

दाखला हातात आला की तीन गोष्टी बघायच्या: अंकी तारीख आणि अक्षरी तारीख एकच आहे का, खाडाखोड नाही ना, आणि शाळेचा शिक्का-सही आहे का. झेरॉक्स काढताना ओरिजिनल स्वतः डोळ्याने बघा आणि झेरॉक्सवर "मूळ प्रत पाहिली" लिहून तारीख टाका. वयावरून कामगार खात्याच्या इन्स्पेक्टरशी वाद झालाच तर निर्णय वैद्यकीय अधिकारी देतो, तिथे "दिसायला मोठा होता साहेब" हे कोणी ऐकत नाही.

चौदाच्या आत असेल तर: दोनच दारं, तीही अरुंद

पहिलं दार, स्वतःच्या कुटुंबाला मदत. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोकादायक कामात नाही. कुटुंब म्हणजे कोण हे कायद्यात लिहिलंय: आई, वडील, भाऊ, बहीण, आणि आईवडिलांचे भाऊबहीण, म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी. गावातला "काका", शेजारचे "मामा" ह्यात येत नाहीत, आपण सगळ्यांनाच काका-मामा म्हणतो म्हणून मुद्दाम सांगतो.

ह्या मदतीलाही मर्यादा आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे शाळेच्या वेळेत नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ मध्ये नाही, दिवसाला विश्रांती सोडून ३ तासांच्या वर नाही, आणि मोठ्या माणसाच्या जागी त्याला उभं करायचं नाही. म्हणजे वडिलांच्या दुकानात पोरगी संध्याकाळी पाच ते सहा पुड्या बांधू लागली तर ती मदत, पण नोकर सोडून गेला म्हणून तिलाच दिवसभर गल्ल्यावर बसवली तर नाही. शाळेलाही इथे जबाबदारी दिलीय, मूल न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे ह्या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवायचंय.

दुसरं दार कलाकार मुलांचं: सिनेमा, मालिका, जाहिरात, खेळ. सर्कस नाही. पण इथे निर्मात्याला आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि ती ६ महिन्यांपुरती असते. दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. दर ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. आणि आईबापांनी हे नीट वाचा, मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावावर फिक्स डिपॉझिटमध्ये टाकायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. मुलाची इच्छा नसताना त्याला उभं करायचं नाही हेही नियमातच आहे.

ह्या दोन दारांतून जात नसेल तर विषय संपला. "पगार देत नाही, फक्त खायला-प्यायला देतो" ही पळवाट नाही. "कामाला नाही हो, शिकायला ठेवलाय" हीसुद्धा नाही. कायद्यात शब्द "कामावर ठेवणे किंवा काम करू देणे" असे आहेत, पगाराचा आकडा शून्य असला तरी काम ते काम.

दुसरी पायरी: चौदा ते अठरा, पण काम कसलं?

पोरगं किशोर आहे हे कागदावर ठरलं, आता कामाकडे बघायचं. कायद्याच्या परिशिष्टात धोकादायक कामांची यादी आहे आणि २०१७ मध्ये ती बरीच वाढवली. खाणी, दगडखाणी, वीटभट्ट्या, फटाके आणि स्फोटकं (नुसतं बनवणं नाही, साठवणं आणि विकणंसुद्धा), पेट घेणाऱ्या पदार्थांची कामं, विडी वळणं आणि तंबाखूचं काम, जहाज तोडणं, आणि दारू दिली जाते ते बार-पब-पार्ट्या. दिवाळीत फटाक्याच्या स्टॉलवर सोळा-सतराची पोरं सर्रास उभी असतात ना, ते ह्या यादीत येतं, स्टॉल मित्राचा असला तरी. लग्नाच्या हॉलवर केटरिंगची पोरं असतात तिथेही दारू वाटायच्या कामाला अठराच्या आतलं कोणी लागता कामा नये.

गॅरेजवाल्यांना मी वेगळं सांगतो. पोरगं सतराचं आहे, पाने द्यायला, गाडी पुसायला घेतलं, ठीक वाटतं. पण दुपारी मिस्त्री म्हणतो "जरा हे पार्ट पेट्रोलमध्ये धुवून काढ" आणि तिथे तुम्ही पेट घेणाऱ्या पदार्थांच्या कामात शिरलात. कामाचं नाव हेल्पर असलं तरी दिवसभरात त्याचा हात कशाकशाला लागतो ते बघायचं. मी तर मालकांना सांगतो की एक दिवस कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा आणि तो हेल्पर सकाळपासून काय काय करतो ते वहीत उतरवा, मग यादी उघडून एकेक ओळ ताडून बघा. ज्या ओळीवर शंका येईल ते काम त्याच्याकडून काढून मोठ्या माणसाला द्या, आणि काढता येत नसेल तर पोराला घेऊ नका.

डिलिव्हरीचं पण असंच. सोळा पूर्ण झालेल्याला विनागिअरची, ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवायचं लायसन्स मिळू शकतं, बाकी दुचाकी आणि चारचाकीला १८ लागतात आणि व्यावसायिक वाहनाला २०. दुकानाची नेहमीची स्कूटर देऊन सतराच्या मुलाला पार्सल पोचवायला पाठवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९क खाली गाडीचा मालक म्हणून तुम्ही अडकता: ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. त्याचं पुढचं आयुष्य अडकवणारी गोष्ट आहे ही, सायकल द्या नाहीतर चालत जाण्याइतकं लांब पाठवा.

खरंच काम शिकवायचं असेल तर अप्रेंटिसशिप हा वेगळा आणि चांगला रस्ता आहे. १९६१ च्या कायद्याप्रमाणे किमान वय १४, धोकादायक उद्योगातल्या ट्रेडसाठी १८. पण त्यात लेखी करार लागतो, मुलगा सज्ञान नसेल तर त्याच्या वतीने पालकाची सही लागते, कराराची नोंदणी लागते आणि स्टायपेंड द्यावा लागतो. तोंडी "शिकायला ठेवलाय" म्हणजे अप्रेंटिस होत नाही.

तिसरी पायरी: घड्याळ

इथे आकडे पाठ करून ठेवा. किशोराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर काम नाही. सलग ३ तासांच्या वर नाही, ३ तास झाले की किमान १ तास सुट्टी. आणि सगळं मिळून, म्हणजे मधली सुट्टी धरून आणि काम यायची वाट बघत बसलेला वेळसुद्धा धरून, दिवसाला ६ तासांच्या वर नाही. ओव्हरटाईम अजिबात नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही, म्हणून घेताना विचारा की सकाळी पेपर टाकतोस का, दुसरीकडे कुठे जातोस का. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, तो वार कुठला हे भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं लावायचं, आणि तीन महिन्यांत एकदाच बदलता येतो.

प्रत्यक्षात कसं बसवायचं तर १० ला आला, १ पर्यंत काम, १ ते २ जेवण-विश्रांती, २ ते ४ काम, ४ ला घरी. झाले सहा. प्रत्यक्ष काम पाचच तास. मालक म्हणतात "एवढ्यात काय होणार", तर खरंय, पूर्ण दिवसाचा माणूस हवा असेल तर अठरा पूर्ण झालेलाच घ्यावा लागेल. सणाच्या गर्दीत रात्री नऊपर्यंत थांबवलं ते मात्र कॅमेऱ्यात तारीख-वेळेसकट राहतं आणि तिथेच लोक सापडतात.

ज्या दुकानात मालक फक्त आपल्या घरच्यांना घेऊन काम करतो तिथे हे तासांचे, सुट्टीचे आणि पुढच्या नोटीसचे नियम लागत नाहीत. चौदाच्या आतल्या मुलांबद्दल वर जे लिहिलं ते मात्र तिथेही लागू.

चौथी पायरी: कागदपत्रं

किशोराला कामावर घेतल्यापासून ३० दिवसांत तुमच्या भागाच्या इन्स्पेक्टरला लेखी कळवायचं: दुकानाचं नाव आणि ठिकाण, प्रत्यक्ष कारभार कोण बघतं, पत्रव्यवहाराचा पत्ता, आणि काम कसलं. पोच घेऊन फाईलला लावा. शॉप ॲक्टचं लायसन्स आहे म्हणून हे सुटत नाही, दोन्ही वेगळं.

मग रजिस्टर. नाव, जन्मतारीख, कामाचे तास आणि मधल्या सुट्टीची वेळ, कामाचं स्वरूप. हे रजिस्टर दुकान चालू असताना केव्हाही दाखवता आलं पाहिजे, सीएकडे आहे, घरी आहे असं चालत नाही. आणि रोजच्या रोज भरा. महिनाअखेर एका बैठकीत एकाच पेनने भरलेलं रजिस्टर बघणाऱ्याला लगेच कळतं, तीस ओळी, एकच शाई, एकच तिरका हात, आणि रविवारीसुद्धा हजेरी लावलेली.

पगार शक्यतो मुलाच्या स्वतःच्या खात्यात टाका, दहा वर्षांपुढच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँका देतात. पगार मालकाने दाबून ठेवणं, "घरी पाठवतो" म्हणून स्वतः वापरणं किंवा मुलाला अडकवून ठेवून काम करून घेणं ह्यासाठी बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७९ आहे, ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड, आणि त्या कायद्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं कोणीही. उचल देऊन "फिटेपर्यंत पोरगं ठेवा" हा प्रकार तर थेट वेठबिगारीत जातो, १९७६ च्या कायद्याने असलं कर्जच रद्द ठरतं. अठरा पूर्ण न झालेल्या मुलाची सही घेतलेला बॉण्डसुद्धा कायद्यापुढे रद्दी आहे, "दोन वर्षं सोडणार नाही" असं लिहून घेऊन काहीही मिळत नाही.

चुकलं तर काय होतं

चौदाच्या आतलं मूल ठेवलं किंवा किशोराला धोकादायक कामात लावलं तर ६ महिने ते २ वर्षं कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. परत सापडलात तर १ ते ३ वर्षं कैद. हा दखलपात्र गुन्हा आहे, पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. तासांचे, रजिस्टरचे, नोटीसचे नियम मोडले तर १ महिन्यापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्यांदाच झालं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तडजोडीची सोय आहे, पण ती देणं न देणं त्यांच्या हातात.

आईवडिलांना पहिल्या वेळी शिक्षा नाही, पुन्हा केलं तर १०,००० पर्यंत दंड. म्हणजे "आईच घेऊन आली होती" हे खरं असलं तरी पहिला भार मालकावरच येतो. दंडाची रक्कम मुलाच्या पुनर्वसन निधीत जाते आणि सरकार प्रत्येक मुलामागे १५,००० त्यात घालतं, ते व्याजासकट पुढे त्या मुलालाच मिळतात. मालकाच्या पैशातून पुनर्वसन ही कल्पना तशी जुनी, शिवकाशीच्या फटाका कारखान्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच दर मुलामागे २०,००० मालकाकडून घ्यायला सांगितले होते.

आत्ता तुमच्याकडे असं मूल काम करत असेल तर

घाबरून त्याला रातोरात हाकलून देऊ नका, परगावचं असेल तर अजिबातच नाही, ते पोर थेट स्टेशनवर जाईल आणि तिथून कुठे जाईल सांगता येत नाही. काम आजच थांबवा. आजपर्यंतचा पूर्ण पगार द्या, पालकांना बोलावून त्यांच्यासमोर द्या आणि लिहून ठेवा. पालक लांब असतील किंवा सापडत नसतील तर १०९८ ला फोन करा, मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत, ते बाल कल्याण समितीमार्फत पुढचं बघतात. शाळा सुटलेली असेल तर जवळच्या जिल्हा परिषद किंवा पालिकेच्या शाळेत जा, सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घेणं शाळेवर बंधनकारक आहे, दाखला नाही म्हणून किंवा वर्षाच्या मध्येच आलं म्हणून परत पाठवता येत नाही.

दुसऱ्याच्या दुकानात दिसलं तरी तोच नंबर, १०९८. केंद्र सरकारचं पेन्सिल नावाचं पोर्टल आहे २०१७ पासून, तिथेही तक्रार टाकता येते. फोन करताना दुकानाचं नाव, नेमकी जागा, मूल साधारण किती वाजता असतं आणि काय करतं एवढं सांगा, "बाजारात कुठेतरी" म्हणालात तर ते पोचेपर्यंत मूल मागच्या दाराने निघून गेलेलं असतं. मालकाशी आधी भांडायला जाऊ नका, त्याला सावध केलंत की पोर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या दुकानात असतं.